‘हार्ट पॅकेज’मधलं काय घ्यावं, काय खोडावं

परभणीच्या दाजींनी परवा एका लॅबचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला. ‘हार्ट पॅकेज’, चाळीसेक नावं. दाजी 46 वर्षांचे, वडिलांना 52 व्या वर्षी अटॅक आलेला. यातलं नेमकं काय करू, एवढंच त्यांनी विचारलं.

लिपिड प्रोफाइल की अपो-बी? लिपिड, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, हवीच, ती तालुक्यालाही होते. पण बऱ्याच लॅब एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) मोजत नाहीत, गणितानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातली दुसरी एक चरबी) पाचवा हिस्सा वजा. ट्रायग्लिसराइड 400 च्या पुढं गेलं की हा हिशोब चुकतो. अपो-बीमधून रक्तवाहिन्या चोंदवणाऱ्या कणांची संख्या कळते. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसाचं एलडीएल बरं दिसलं तरी हे कण जास्त असू शकतात. परवडत नसेल तर एकूणमधून एचडीएल वजा करा. उरतं ते नॉन-एचडीएल, अपो-बीच्या जवळचा अंदाज, तो फुकटात मिळतो.

दाजींसाठी मी लिपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्याच एका कणाच्या तपासणीवर मात्र अडून बसलो. हे आईवडिलांकडून वारशानं येतं, पथ्यानं फारसं हलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी पुरतं. 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाकीचे आकडे जास्त कडक धरायचे. होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) खोडलं. माळकरी घरात बी-12 कमी पडून ते वाढतंच. गोळ्यांनी उतरतं, पण त्यानं अटॅक कमी होतात असं मोठ्या अभ्यासांत दिसलं नाही. त्यापेक्षा सरळ बी-12 तपासावं.

एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारा आकडा, पडशानं, सुजलेल्या हिरड्यांनीही चढतं. तंबाखू मळणाऱ्या दाजींच्या बाबतीत ते काय सांगणार? तंबाखू आणि बीपी या दोन गोष्टी रक्ताच्या कुठल्याच रकान्यात नाहीत, आणि माझ्या मते दाजींचं खरं दुखणं तिथंच आहे.

उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा एचबीए1सी बरं, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. दोन दिवस गोड बंद करून ते फसत नाही. ताईचं रक्त कमी आहे, तिनं मात्र दोन्ही करावं. लोह कमी असलं की एचबीए1सी उगाच जास्त दिसू शकतं.

कागदावर ट्रोपोनिनही होतं. ते मी दोनदा खोडलं. ते पुढचा धोका सांगायला नाही. हृदयाच्या स्नायूला आत्ता इजा झालीय का, हे बघायला आहे. दुखायला लागल्यावर पहिले काही तास ते नॉर्मलही येतं, म्हणून दवाखान्यात काही तासांनी पुन्हा काढतात. आमच्या एका नातेवाइकानं रात्रभर ‘गॅस’ सोसला, सकाळी लॅबमध्ये रक्त दिलं आणि घरी येऊन संध्याकाळच्या रिपोर्टची वाट बघत बसला. छातीत दाब, घाम, डावा हात जड असेल तर लॅब नाही, 108 आणि आधी ईसीजी.

दाजी सोमवारी जाणार आहेत. एवढ्या तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही, हेही सांगितलंय. ट्रायग्लिसराइड फार आलं तरच पुन्हा उपाशीपोटी.