टर्बोऐवजी बाटलीतली हवा: अंबडच्या एका गॅरेजचं काम

ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी, मारुतीची जुनी एस्टीम किंवा झेन बांधायचा विचार असेल, तर टर्बो किटची (इंजिनात जास्त हवा दाबणाऱ्या पंख्याची) ऑर्डर देण्याआधी एकदा नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या गॅरेजमध्ये जाऊन बसा. बाहेर पाटी नाही आणि मालकांना नावाचा गवगवा नकोय, म्हणून मीही नाव लिहीत नाही. नाशकात रॅलीच्या गाड्यांवर काम करणाऱ्या कोणालाही विचारा, पत्ता मिळेल. माझ्या १.३ लिटरच्या एस्टीमला त्यांनी टर्बो लावलाच नाही. डिकीत २०० बारने (एक बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) भरलेली हवेची बाटली बसवली आणि रनपुरता बूस्ट, म्हणजे इंजिनाला वरून दिलेला जास्तीचा दाब, तिच्यातून दिला. काम इतकं चोख झालंय की सविस्तर लिहायलाच हवं.

मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी तपासणीत आहे, दिवसभर हातात गेज आणि मायक्रोमीटर. "होऊन जाईल भाऊ" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकवर माझा विश्वास बसत नाही. इथे काकांनी, म्हणजे गॅरेजच्या मालकांनी, बॉनेटला हात लावायच्या आधी वही काढली. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीएवढी हवा ओढतं. म्हणजे १.३ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३९०० लिटर, सेकंदाला ६५ लिटर. ०.७ बार बूस्ट द्यायचा तर ११० लिटर. बाटलीतली हवा थंड येणार, म्हणजे जास्त मावणार, म्हणून १२० धरा. दहा सेकंदांचे झाले १२०० लिटर. बाटली १२ लिटरची, दाब २०० बार, म्हणजे कागदावर २४०० लिटर.

"मग दोन रन होतील की," मी म्हणालो.

"नाही होणार. बाटली झपाट्याने रिकामी केली की आतली हवा गार पडते, आणि दाब हिशेबापेक्षा लवकर उतरतो. खालचे चाळीस बार रेग्युलेटरला, म्हणजे दाब उतरवणाऱ्या झडपेला, लागतात ते वेगळेच. सोळाशेच्या वर धरू नका. एक बाटली, एक रन."

पैशांचा विषय त्यानंतर निघाला. खर्च साधारण चांगल्या टर्बो किटइतकाच येतो, त्यामुळे स्वस्तात काम होईल या आशेने जाऊ नका.

फायदा कुठे आहे ते सांगतो. टर्बो चालतो एक्झॉस्टच्या जोरावर, आणि लाइनवर गाडी उभी असताना तो जोर नसतो. म्हणून उभ्या गाडीतही टर्बो फिरता ठेवायला टू-स्टेप लावा, अँटी-लॅग लावा, ही सगळी यातायात. बाटलीला आरपीएमशी देणंघेणं नाही. २५०० ला जो बूस्ट मिळतो तोच ६००० ला. दुसरं म्हणजे उष्णता. ३० अंशांची हवा टर्बोने ०.७ बारपर्यंत दाबली की तिचं तापमान शंभरीच्या घरात जातं, मग इंटरकूलरने ती गार करत बसायचं. बाटलीतल्या हवेची दाबतानाची उष्णता भरणीनंतरच निघून गेलेली असते, आणि बाहेर येताना ती आणखी गार होते. त्यामुळे नॉकिंगची (मिश्रण अवेळी भडकण्याची) भीती कमी आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, फार मागे घ्यावं लागत नाही. शिवाय आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. इथे हवेचा दाब तसाही सहा-सात टक्के कमी असतो, तेवढी ताकद साधं इंजिन आधीच घालवून बसतं.

साठवलेल्या हवेचा उपयोग मोठ्या कंपन्यांनीही केलाय. व्होल्वोने २०१६ मध्ये डी५ डिझेलमध्ये पॉवरपल्स आणलं. २ लिटरची टाकी, तीत १२ बार हवा, आणि ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये सोडून टर्बोला पटकन फिरवायचं. तिथे हवा टर्बोच्या मदतीला आहे, माझ्या गाडीत सगळी भिस्त हवेवरच.

आता प्रत्यक्ष काम. थ्रॉटल बॉडीच्या (पेडलने उघडणाऱ्या हवेच्या दाराच्या) आधी काकांनी अॅल्युमिनियमचा एक डबा बनवलाय आणि त्यात झडप आहे. एरवी इंजिन एअर फिल्टरमधून हवा घेतं. बाटलीची हवा आली की झडप बंद होते, म्हणजे दाब फिल्टरवाटे पळून जात नाही. झडपेची बैठक लेथवर काढून हाताने लॅप केलीय, म्हणजे घासून जुळवलीय. मी स्वतः ब्लू (ठसा पाहायची निळी शाई) लावून पाहिलं, पूर्ण गोलावर सारखा ठसा. अशी फिनिश गॅरेजच्या कामात क्वचित दिसते.

पण खरा जीव रेग्युलेटरमध्ये आहे. सेकंदाला १२० म्हणजे मिनिटाला ७२०० लिटर! वेल्डिंगचा रेग्युलेटर एवढ्या प्रवाहासाठी बनलेलाच नसतो. काकांनी दाब दोन टप्प्यांत उतरवलाय: आधी १५ बार, मग ०.७. पुढे १ बारला उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. पेडल पूर्ण दाबलं तरच सोलेनॉइड (विजेवरची झडप) उघडतो, गिअर बदलताना पाय उचलला की बंद. पेट्रोलसाठी मोठे इंजेक्टर आणि वेगळा ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर), कारण हवा वाढवून पेट्रोल तेवढंच ठेवलं तर पिस्टन वितळतो. हा खर्च वाचवायला काका तयार नव्हते आणि त्यांचं बरोबरच होतं.

पुढची चाकं पहिल्या गिअरमध्ये तशीही फिरतात, म्हणून बूस्ट दुसऱ्यापासून. टर्बोची शिट्टी नाही, डिकीतून एक जाड फुस्स आणि गाडी सरळ ओढायला लागते, थांबून विचार करत नाही. रन संपल्यावर डिकी उघडली तर रेग्युलेटरवर पांढरं दंव होतं आणि गेजचा काटा ८० च्या आसपास. गाडी तशीच उभी ठेवली तर तोच काटा हळूहळू ९० च्या वर चढला, कारण बाटलीतली हवा पुन्हा कोमट होत होती. वहीतला हिशेब डोळ्यांसमोर खरा ठरला. उरलेल्या हवेत दुसरा रन खरोखरच निघत नाही.

अडचण भरणीची. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर आठ-दहा बारवर थांबतो. इथे अग्निशमनाच्या श्वसन-संचांसाठी वापरतात तसा हाय-प्रेशर कंप्रेसर लागतो. मी जिथे भरून घेतो तिथे घाई करतात. घाईत भरलेली बाटली तापते. ७० अंशांना २०० बार दिसले तरी गार झाल्यावर १७५-१८० च राहतात. हळू भरायला सांगा आणि गार झाल्यावर पुन्हा टॉप-अप घ्या. पावसाळ्यात ड्रायर-फिल्टर पाहूनच भरा, कारण आत गेलेलं पाणी रेग्युलेटरमध्ये गोठतं.

ताकदीसाठी इंजिनात नायट्रस ऑक्साइड वायू सोडणारे नायट्रसवाले मित्र विचारतील, एवढा खटाटोप कशाला? वजनाच्या हिशेबात त्यांचं म्हणणं खरं आहे. नायट्रस ऑक्साइडमध्ये वजनाने ३६ टक्के ऑक्सिजन, हवेत २३. शिवाय नायट्रस बाटलीत द्रवरूपात बसतो, त्यामुळे छोट्या बाटलीत बरंच काम होतं. पण नायट्रसचा दाब उन्हातान्हाप्रमाणे बदलतो आणि ताकदही. रेग्युलेटरमागची हवा दर रनला तोच आकडा देते, आणि मला सातत्य हवं होतं. हवा भरायलाही स्वस्त.

गॅरेजवर माझा सगळ्यात जास्त विश्वास बसला तो त्यांच्या नकारांमुळे. पेसोची, म्हणजे नागपूरच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची, मान्यता आणि हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने केलेल्या चाचणीची) चालू तारीख बाटलीवर ठोकलेली नसेल तर ते ती गाडीत ठेवूही देत नाहीत. सीएनजीची जुनी टाकी चालेल का, असं एकाने माझ्यासमोर विचारलं, सरळ नाही. दुसऱ्याला हवेऐवजी ऑक्सिजन भरायचा होता. काकांनी त्याला बसवून समजावलं की दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा थेंब एकत्र आले तर पाईपच पेटतो. गंगापूर रोडवर रात्री रेस लावणाऱ्या पोरांना ते दारातूनच परत पाठवतात, आणि मला ते मनापासून आवडतं. माझी बाटलीही ट्रॅकपर्यंत व्हॉल्व्हला टोपी लावून वेगळी जाते.

जाणार असाल तर गाडी घेऊनच जा, फोनवर भाव सांगत नाहीत. इंजिनाचं कॉम्प्रेशन आधी मोजतात आणि चारही सिलिंडर सारखे नसतील तर आधी इंजिन करायला लावतात. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या व्हॅली रन या ड्रॅग स्पर्धेत उतरायचं असेल तर कोणत्या क्लासमध्ये घेतील ते आयोजकांकडून काम सुरू करण्याआधी लेखी घ्या. रेग्युलेटर मागवावा लागतो, त्यामुळे सीझनच्या तोंडावर गेलात तर गाडी वेळेत मिळणार नाही.