वेळासचा मुक्काम : कासवांच्या किनाऱ्यावरील दोन मार्गदर्शक

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास या गावी मी कासवांच्या हंगामात दोनदा गेलो. पहिल्या खेपेला शहरातील एका सहल कंपनीच्या गटाबरोबर, तर दुसऱ्या खेपेला गावातील एका घरी थेट फोन करून, सहकुटुंब. किनारा तोच आणि कासवेही तीच, तरी दोन्ही वेळचा अनुभव इतका वेगळा होता की तो केवळ नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येत नाही. फरक होता तो आमच्यापुढे चालणाऱ्या माणसाचा. ‘निसर्गस्नेही सहल’ हे शब्द आज जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतात, म्हणून त्या शब्दांच्या मोबदल्यात पर्यटकाला, गावाला आणि त्या किनाऱ्याला काय मिळते, हे अनुभवावरून लिहावेसे वाटले.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला, तिथून पुढे काही अंतरावर हे गाव, आणि गावाबाहेर सुरूच्या बनापलीकडे किनारा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी या भागात फिरत असताना २००२ साली त्यांना येथे कासवांच्या अंड्यांची टरफले आढळली आणि भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने संवर्धनाचे काम उभे राहिले. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या येथे अंडी घालत, पण ती अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्या तावडीतून क्वचितच सुटत. ग्रामस्थांनी घरटी राखायला सुरुवात केली, आणि २००६ पासून कासव महोत्सवाच्या निमित्ताने पर्यटक त्यांच्या घरी उतरू लागले. ज्या अंड्यांना पूर्वी बाजारात किंमत होती, त्यांतून बाहेर पडणाऱ्या पिल्लाला आता गावाच्या लेखी किंमत आली. माझ्या मते वेळासचे खरे यश हे आहे.

पहिल्या खेपेविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आठवण अजूनही बोचते. कंपनीच्या पत्रकात ‘पिल्ले हमखास दिसतील’ असे छापले होते. रात्रभर बसने प्रवास करून आम्ही चाळीसहून अधिक माणसे पहाटे थेट किनाऱ्यावर उतरलो. घरट्यावर झाकलेली टोपली उचलली तर खाली नुसती वाळू होती. गटात कुरकुर सुरू झाली, तेव्हा आमच्या सहलप्रमुखाने तेथील कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्या ग्रामस्थाला, बाजूला घेऊन एखादे घरटे थोडे उकरून दाखवण्याची विनंती केली. त्या कासवमित्राने मान हलवून नकार दिला आणि तो आपल्या कामाला लागला. संध्याकाळी दोन पिल्ले निघाली, तर आमच्याच गटातील कॅमेऱ्यांचे दिवे त्यांच्यावर लखलखले. ते बंद करा, असे म्हणायला सहलप्रमुख पुढे आला नाही. जेवणाची पाकिटे शहरातून बांधून आणलेली होती, त्यामुळे गावात आमचे चहाव्यतिरिक्त काहीही खर्च झाले नाही. सोबत आणलेल्या थर्माकोलच्या ताटल्या मात्र गावात राहिल्या. तो तरुण स्वभावाने सज्जन होता, पण माणसे मोजणे आणि बस वेळेवर सोडणे यापलीकडे त्याला काही शिकवलेच गेले नव्हते.

दुसऱ्या खेपेला ज्या घरी उतरलो, तेथील काकूंनी फोनवरच सांगितले होते, “पिल्ले येतील की नाही, ते आमच्या हातात नाही. दोन रात्री राहिलात तर बरे.” पैसे घेण्याआधी असे सांगणारा व्यवसाय मी फारसा पाहिलेला नाही. पोहोचलो त्याच संध्याकाळी आमच्या सोबतीला आलेल्या कासवमित्राने, म्हणजे गावातीलच एका पन्नाशीच्या गृहस्थाने, अंगणात बसवून नियम समजावले. दोरीच्या आत पाऊल टाकायचे नाही, पिल्लाला हात लावायचा नाही, किनाऱ्यावर बॅटरी लावायची नाही. प्रत्येक नियमाला त्याने कारण जोडले. वाळूतून वर आलेले पिल्लू उजेडाच्या दिशेने जाते. समुद्राकडचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते म्हणून त्याला वाट सापडते, आणि आपला दिवा ती वाट मोडतो. माझ्या मुलीने विचारले, “काका, मग त्याला उचलून पाण्यात का सोडत नाही?” त्यावर ते म्हणाले, वाळूवरून चालत जाणे हा त्याच्या आयुष्याचा भाग आहे, तो आपण हिरावून घ्यायचा नाही.

रात्रीच्या गस्तीत आम्हाला सोबत न्यावे, अशी विनंती मी केली. त्यांनी ती शांतपणे नाकारली, कारण माणसांची चाहूल लागली तर किनाऱ्याला लागलेली मादी अंडी न घालताच परत फिरू शकते. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी, अंडी सुरक्षित जागी हलवून झाल्यावर, त्यांनी तिचा माग दाखवला. ओल्या वाळूवर सुमारे अडीच फूट रुंदीचा पट्टा वर आला होता आणि तसाच दुसरा पट्टा परत गेला होता. दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांच्या, खुणा समोरासमोर नव्हत्या, एकाआड एक पडलेल्या होत्या. ही जात अशीच चालते. मधे वाळू चेपून सपाट झालेली होती. अंडी घातल्यावर मादी सगळे अंग डोलवत, पोटाखालच्या कवचाने आपटून खड्डा बुजवते, हे सांगताना त्यांनी दोन्ही तळहातांनी वाळूवर थापट्या मारून दाखवल्या.

अंडी शंभराच्या आसपास असतात, दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखी. ती हलवायची तर घातल्यानंतर काही तासांतच हलवावी लागतात, कारण नंतर आतील गर्भ कवचाला चिकटतो आणि अंडे उलटे झाले तर तो मरतो. पहाटेच्या गस्तीची घाई त्यासाठी असते. जाळीच्या कुंपणात मूळ घरट्याइतक्याच खोलीचा खड्डा करून ती ठेवली जातात आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जितकी अधिक तापेल तितक्या माद्या अधिक. किनारे तापत चालले तर पुढे काय होईल, असा प्रश्न त्यांनी स्वतःहून काढला, आणि त्यावर कोणतेही सोपे उत्तर दिले नाही. वेळासच्या एका मादीला जानेवारी २०२२ मध्ये उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून ‘प्रथमा’ असे नाव दिले गेले, ती हकिकत सांगताना मात्र त्यांचा आवाज घरच्या लेकीविषयी बोलावे तसा झाला होता.

पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हते. दुसऱ्या संध्याकाळी टोपली उचलली तर वाळू हलत होती. आधी एक काळपट नाकाडे वर आले, मग एक वल्हे, आणि मग एकाच्या पाठीवर पाय देत अकरा पिल्ले बाहेर पडली. दोरीपासून पाण्यापर्यंतच्या वाळूवर उमटलेली पावले कासवमित्रांनी आधीच फळीने पुसून घेतली होती. बोटभर लांबीच्या पिल्लाला माणसाचे पाऊल म्हणजे खड्डाच. एक पिल्लू मधेच थांबले. सगळे श्वास रोखून पाहत होते, आणि मागून कोणीतरी “जरा ढकला ना” म्हणाले. कासवमित्र हलले नाहीत. दीड-दोन मिनिटांनी त्याने पुन्हा वल्ही मारली, एका लाटेने त्याला उलटे मागे आणले, पुढच्या लाटेने आत नेले. या पिल्लांतील एखादी मादी वाढून मोठी झाली, तर बऱ्याच वर्षांनी याच भागातील किनाऱ्यावर अंडी घालायला येईल. नर सहसा पुन्हा जमिनीला लागतच नाहीत.

राहण्याची सोय साधी पण स्वच्छ आहे. मोठ्या खोलीत गाद्या, स्नानगृह सामाईक, मोबाइलला रेंज जेमतेम. जेवण शाकाहारी आणि मन लावून केलेले होते : सकाळी घावन, दुपारी कुळथाचे पिठले, भात आणि सोलकढी, तर निघण्याच्या दिवशी उकडीचे मोदक. पाणी तांब्या-भांड्यातून दिले जाते. बाटल्यांचा कचरा गावात होऊ नये म्हणून आपली बाटली आपण सोबत आणावी. ज्यांना वातानुकूलित खोली हवी त्यांनी येथे मुक्काम ठरवू नये.

उणीवही सांगितली पाहिजे. शनिवार-रविवारी गावाच्या अरुंद वाटांवर गाड्यांची रांग लागते, दोरीपाशी माणसे चार-चार ओळींत उभी राहतात आणि मागच्यांना काहीच दिसत नाही. त्या गर्दीत कासवमित्राचा सगळा वेळ माणसे आवरण्यात जातो आणि जे समजावून सांगायचे ते राहून जाते. एका दिवशी किनाऱ्यावर किती पर्यटक असावेत याला मर्यादा घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे, मग त्यासाठी आम्हाला पुढच्या वर्षापर्यंत थांबावे लागले तरी चालेल.

सहल कंपनीबरोबरच जायचे असेल, तर आगाऊ पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : जेवण आणि मुक्काम गावातील घरी आहे का, किनाऱ्यावर माहिती गावातील कासवमित्र देणार का, आणि पिल्ले दिसली नाहीत तर गटाला काय सांगणार. तिसऱ्या प्रश्नावर ‘हमखास दिसतात’ असे उत्तर आले, तर ती सहल घेऊ नये.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ चांगला. पुण्याहून महाड-मंडणगडमार्गे जाता येते, किंवा हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसह वेसवीला उतरून. आम्ही येत्या हंगामासाठी त्याच काकूंकडे मंगळवार ते गुरुवार असे दिवस सांगून ठेवले आहेत.