सोनॉस एरा 100: स्पीकर उत्तम, पण आधी घरातलं वायफाय बघा

एरा 100 हा सोनॉस कंपनीचा 2023 साली आलेला छोटा स्पीकर. सोनॉसच्याच जुन्या 'वन' स्पीकरची जागा त्याने घेतली. उंची साधारण 18 सेंटिमीटर, वजन 2 किलो. 'वन'मध्ये एकच ट्वीटर (वरचे, बारीक सूर वाजवणारा भाग) होता. इथे डावी-उजवीकडे तिरके बसवलेले दोन आहेत आणि मिडवूफरही (मधले आणि खालचे सूर वाजवणारा भाग) पूर्वीपेक्षा मोठा. बॅटरी नाही, म्हणजे प्लग असेल तिथेच ठेवायचा.

याची खरी ताकद माणसाच्या गळ्यात आहे. आवाज कमी ठेवूनही गाण्यातले शब्द स्वच्छ येतात, आणि एवढ्याशा पेटीतून डग्ग्याची मींडसुद्धा ओळखू येते. मात्र 'एकाच स्पीकरमध्ये स्टिरिओ' ही गोष्ट फार मनावर घेऊ नका. दोन ट्वीटरमध्ये वीतभरही अंतर नाही. आवाज खोलीत पसरतो, पण डावीकडे तबला, उजवीकडे हार्मोनियम अशी मांडणी काही दिसत नाही. त्यासाठी दोन एरा 100 घेऊन सोनॉसच्या अ‍ॅपमध्ये जोडी लावायची (एरा आणि 'वन' अशी मिश्र जोडी लागत नाही). दोघांमध्ये 6 ते 8 फूट ठेवा, बसायची जागा दोघांपासून तेवढीच लांब असू द्या आणि ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. फरक लगेच कळतो.

बहुतेक घरांत स्पीकर जातो तो शोकेसच्या खणात किंवा कोपऱ्यात. नेमकं तिथेच बिघडतं. मागची आणि बाजूची भिंत खालचे सूर फुगवते, डग्गा घुमायला लागतो आणि तानपुरा त्यात गडप होतो. भिंतीपासून निदान वीतभर पुढे ओढा, खणात ठेवणं भागच असेल तर अगदी पुढच्या कडेला ठेवा. मग ट्रूप्ले चालवा, म्हणजे खोलीनुसार आवाज जुळवून घेणारी सोनॉसच्या अ‍ॅपमधली सोय. आयफोन असेल तर फोन हलवत खोलीभर फिरायची जुनी पद्धत आहे. अँड्रॉइडवर 'क्विक ट्यूनिंग' मिळतं, त्यात स्पीकर स्वतःच्याच माइकने मोजमाप घेतो. त्यासाठी मागचा माइकचा स्विच चालू हवा. एवढं करूनही घुमत असेल तर बेस एक-दोन अंशांनी उतरवा. टाइल्सच्या मोकळ्या हॉलमधला घुमारा मात्र ट्रूप्लेला काढता येत नाही. तिथे सतरंजी आणि जाड पडदेच लागतात.

गाणं मध्येच तुटतं, अ‍ॅपला स्पीकर सापडत नाही, या तक्रारींचं मूळ बहुधा राउटरपाशी असतं. फायबर दारातून येतो म्हणून राउटर दाराशी, आणि स्पीकर दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे. वायफायचा 5 गिगाहर्ट्झचा पट्टा तिथवर पोहोचता पोहोचता दमतो; 2.4 पोहोचतो, पण त्यावर अख्ख्या सोसायटीची गर्दी. राउटरच्या सेटिंगमध्ये 2.4चा चॅनल 1, 6 किंवा 11 यांपैकी सगळ्यात मोकळा असेल तो कायम करा आणि चॅनलची रुंदी 20 मेगाहर्ट्झ ठेवा.

दुसरी भानगड दोन राउटरची. इंटरनेट कंपनीचा एक आणि वर आपला एक, दोन्ही वेगवेगळं नेटवर्क चालवतात. फोन एकावर, स्पीकर दुसऱ्यावर, मग दोघांची गाठ पडणार कशी? आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता कंपनीच्या राउटरचंच नेटवर्क पुढे पसरवतो. गेस्ट नेटवर्कवरही हीच अडचण येते. पुढे राउटर बदललात तर नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवा, स्पीकर आपोआप जोडले जातात. वीज जाणाऱ्या गावात राउटरला छोटा यूपीएस लावा, म्हणजे प्रत्येक झटक्यानंतर वायफाय उभं राहायची वाट बघावी लागत नाही.

अँड्रॉइडवाल्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: यात क्रोमकास्ट (फोनवरचं गाणं वायफायवरून पाठवायची गूगलची सोय) नाही. आयफोनला तशीच अ‍ॅपलची सोय, एअरप्ले 2, आहे, स्पॉटिफाय थेट चालतं, पण सोनॉसशी न जुळणारं एखादं अ‍ॅप अँड्रॉइडवरून वाजवायचं तर ब्लूटूथच. 'वन'ला ब्लूटूथ नव्हतंच, त्यामुळे ही सोय मोलाची आहे. गूगल असिस्टंट नाही, अलेक्सा आहे.

मे 2024 मध्ये सोनॉसने नवं अ‍ॅप आणलं आणि अलार्म, स्लीप टायमरसारख्या साध्या सोयीसुद्धा गायब झाल्या. पुढच्या अपडेट्समध्ये त्या परत आल्या, पण एवढे पैसे मोजलेल्या ग्राहकांशी असं वागणं चूकच होतं.

रेकॉर्ड प्लेअर जोडायचा तर लाइन-इनचं (बाहेरच्या यंत्राची वायर जोडायचं) अडॅप्टर वेगळं विकत घ्यावं लागतं, आणि प्लेअरमध्ये सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प नसेल तर तोही. स्वतःच्या फाइल्स 24 बिट, 48 किलोहर्ट्झपर्यंतच वाजतात. 96 किलोहर्ट्झच्या असतील तर आधी बदलून घ्या. टीव्हीसाठी म्हणून हा घेऊ नका, एचडीएमआय नाही. सोनॉसचा आर्क किंवा बीम साउंडबार घरात असेल तर मागचे स्पीकर म्हणून याची जोडी छान बसते. आणि घरात जुना चांगला अ‍ॅम्प्लिफायर, मोठे स्पीकर असतील तर ते काढून हा आणू नका. त्या अ‍ॅम्प्लिफायरला एक छोटा स्ट्रीमर (इंटरनेटवरचं संगीत घेऊन अ‍ॅम्प्लिफायरला देणारं यंत्र) जोडा, कमी पैशांत जास्त भरदार आवाज मिळेल.