बाबांची धडधड आणि बोटभर पट्टी: आठ महिन्यांनंतर

बाबा ७१ वर्षांचे, देवगडजवळच्या आमच्या कलमांत अजून स्वतः फिरतात. त्यांना पंधरा-वीस दिवसांतून एकदा धडधडायचं. दहा मिनिटं, मग सगळं शांत. दवाखान्यात पोचेपर्यंत ईसीजी साफ. कणकवलीला २४ तासांचा होल्टर (सतत ईसीजी टिपणारं, अंगावर बाळगायचं यंत्र) लावला, तर नेमकं त्या दिवशी हृदय शहाण्यासारखं वागलं. शेवटी डॉक्टरच म्हणाले, घरी ईसीजीचं छोटं यंत्र ठेवा.

दोन चकत्यांची पट्टी आहे. दोन्ही हातांची बोटं टेकवायची, ३० सेकंद गप्प बसायचं, आलेख मोबाईलवर उमटतो. बाबांचा पहिला प्रश्न, "माजा काळीज मोबायलात कसा दिसतला?"

पहिला महिना नुसता वैताग. दर दुसऱ्या वेळी "वाचता आलं नाही". यंत्र परत करणार होतो, पण दोष आमचाच निघाला. कोयता धरून घट्टे पडलेली कोरडी बोटं, अधांतरी हात, त्यात आईशी गप्पा. आता बोटं किंचित ओली करतात, कोपर टेबलावर टेकवतात, मोबाईल चार्जिंगवरून काढतात. आलेख स्वच्छ येतो.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे धडधड सुरू झाली आणि पट्टी उशाशीच होती. ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नाही, ठोक्याआधीची छोटी पी लहरही गायब. यंत्राने 'एट्रियल फिब्रिलेशनची शक्यता' दाखवली, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नीट न आकुंचता नुसते थरथरतात आणि ठोक्यांची लय बिघडते. रेंज फक्त विहिरीपाशी, तिथे उभं राहून डॉक्टरांना आलेख पाठवला. त्यांनी तो स्वतः वाचला, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला आणि रक्त पातळ करणारी गोळी सुरू केली. या आजारात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात, हे तेव्हा कळलं.

तक्रारी आहेतच. जुने आलेख बघायला दरमहा पैसे मागतात, हे मला पटत नाही. शिवाय हा एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडे एकाच बाजूने बघणारा आलेख, हार्ट अटॅक यात कळत नाही. छातीत दुखलं तर पट्टी शोधू नका, गाडी काढा. 'नॉर्मल' आलं तरी ते त्या ३० सेकंदांपुरतंच.

मध्यंतरी बाबा दिवसातून दहा-दहा वेळा बोटं टेकवायचे आणि त्या काळजीनेच ठोके वाढायचे. डॉक्टरांनी दटावलं, धडधडलं तरच. परवा मात्र पडवीत बसून शेजारच्या काकांचा आलेख काढत होते. तो बाबांच्याच नावावर जमा झाला, शोधून पुसावा लागला.