बल्बोकोडियम डॅफोडिलचं बी: धीर असेल तरच घ्या (४/५)

"डॅफोडिल बियांपासून कोण वाढवतं?" असं इथल्या, म्हणजे इंग्लंडमधल्या वोकिंगच्या, मराठी मंडळींपैकी बहुतेकांनी मला विचारून झालंय. प्रश्न रास्त आहे. सप्टेंबरात सुपरमार्केटमध्ये कंदांच्या जाळीच्या पिशव्या स्वस्तात मिळतात. लावले की मार्चमध्ये फुलं. नेहमीची मोठी पिवळी फुलंच हवी असतील तर सरळ कंद आणा. मोठ्या संकरित जातींचं बी पेरलं तर फुलायला पाच ते सात वर्षं जातात आणि फूल आईवर जाईलच असं नाही. नव्या जाती काढणाऱ्यांना त्यातच गंमत असते, मला नाही.

बल्बोकोडियमची गोष्ट वेगळी. स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्कोकडचा हा रानटी डॅफोडिल, जेमतेम वीतभर उंच. मधला पेला परकरासारखा घेरदार, पाकळ्या नावापुरत्या. बियांपासून साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलतो. जवळच्या विस्ली बागेत मार्चमध्ये एक अख्खा उतार या फुलांनी पिवळा होतो. तिथे तो वर्षानुवर्षं आपलंच बी सांडून पसरलाय. तो उतार बघूनच हे पाकीट मागवलं.

विक्रेत्याला पूर्ण मार्क एका गोष्टीसाठी: पाकिटावर बी कधी काढलं तो महिना छापलेला होता. डॅफोडिलची बोंडं जूनच्या सुमारास फुटतात, आणि बी जितकं ताजं तितकं चांगलं उगवतं. फार काळ कोरडं पडून राहिलं तर कधीकधी पहिला हिवाळा नुसता झोपून काढतं. माझ्याकडे आलेल्या बिया काळ्याभोर, टपोऱ्या आणि चकचकीत होत्या. सप्टेंबरात पेरल्या, कुंडी बाहेरच पावसाथंडीत ठेवली, आणि जानेवारी संपता संपता तीन-चार सोडून सगळ्या उगवल्या.

एक तारा कापला तो पाकिटामागच्या सूचनांसाठी. "उथळ ट्रेमध्ये पेरा" म्हणे! डॅफोडिलची मुळं आकसतात आणि कोवळ्या कंदाला दरवर्षी थोडं थोडं खाली ओढतात. उथळ ट्रेमध्ये तो तळाला जाऊन टेकतो. निदान सहा इंच खोल कुंडी घ्या, मातीत भरपूर जाड वाळू मिसळा, बी सेंटिमीटरभर खोल टाका आणि वर बारीक खडीचा थर द्या. पहिल्या वर्षी एका बीला एकच पात येते, तीही दोऱ्याएवढी. घरात हौशी तण काढणारं कोणी असेल (आमच्याकडे सासरे आहेत) तर आधीच बजावून ठेवा. उन्हाळ्यात पात वाळली की रोप मेलं असं समजून कुंडी रिकामी करू नका, कंद विश्रांती घेत असतो. पहिली दोन वर्षं कुंडी हलवायचीच नाही. पात हिरवी असताना टोमॅटोचं पातळ खत अधूनमधून दिलं की कंद भरतो. यातलं एक अक्षर पाकिटावर नाही.

नाशिकहून भावाने "मलाही पाठव" म्हटलं, त्याला नाही म्हणून सांगितलं. याला कित्येक आठवडे सलग गारठा लागतो. नाशिकची थंडी आपल्याला कितीही बोचली तरी याला पुरायची नाही. त्यापेक्षा वसंतात श्रीनगरच्या ट्यूलिप बागेत जा, तिथे डॅफोडिलही असतात. आणि व्हॉट्सॲपवर "निळ्या डॅफोडिलचं बी" म्हणून जाहिराती फिरतात, त्यांच्यावर एक रुपयाही घालवू नका. निळा डॅफोडिल अस्तित्वातच नाही.

कंद, पात, बी, सगळंच विषारी असतं. लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा, आणि कंद कांद्यांच्या टोपलीजवळ तर मुळीच नको.

कुंडीतल्या पट्टीवर जातीचं नाव आणि पेरणीचं साल पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई फूल येण्याच्या आधीच उडून जाते.