नागपुरातली पुतळे-फेरी : एक पैसे भरून, एक तिकीट काढून

मी कोल्हापूरचा. शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, चौतीस वर्षं काढली. पॅटर्न शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो आणि मोल्डिंगचा सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. पुतळा दिसला की लोक चेहरा बघतात, मी सांधा बघतो. कुठं जोडलाय, घासताना ग्राइंडर कुठं जास्त लागलाय, तेच आधी दिसतं. घरचे वैतागतात. पण कुठल्याही गावी गेलो की चौकातले पुतळे बघितल्याशिवाय मला गाव बघितल्यासारखं वाटत नाही.

थोरली नागपुरात असते. पोळ्याच्या आधी आठवडाभर राहायला गेलो होतो. महाराष्ट्र एक्सप्रेसनं कोल्हापुरातून निघायचं म्हणजे एक अख्खा दिवस नि वर काही तास गाडीतच, त्यामुळं गेलं की आठवडा राहायचंच. पोरीनं माझा नाद ओळखून रविवारची ‘पुतळे आणि वारसा’ अशी एक सकाळची फेरी बुक करून ठेवली होती. माणशी साडेतीनशे रुपये, तीन तास, शेवटी तर्री पोहे. ही फेरी काढणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. पोरं नवी आहेत, धंदा नुकता सुरू केलाय, आणि माझी तक्रार काही त्यांच्या एकट्यापुरती नाही.

आधी चांगलं सांगतो. साडेसहा म्हणजे साडेसहालाच सुरुवात झाली. चौदा जण होतो. गाइड पोरगा पंचविशीतला, आवाज खणखणीत, म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडताना हात देणारा. झाशी राणी चौक, मग व्हरायटी चौकातले गांधीजी, तिथून झिरो माइल आणि शेवटी संविधान चौकात बाबासाहेब. सगळं चालत. रविवारी सकाळी सीताबर्डी रिकामी असते, तेव्हाच ते जमतं. इतर दिवशी व्हरायटी चौकात गांधीजींकडं मान वर करून बघत उभं राहिलात तर मागून हॉर्नचा मारा होईल.

पण पुतळ्याबद्दल पोरगा एक शब्द बोलला नाही. राणीचा जन्म, राणीचं लग्न, राणीचं युद्ध. सगळं शाळेच्या पुस्तकातलं. पुतळा कुणी घडवला, कुठं ओतला, कशाचा आहे? “पंचधातूचा असेल काका.” असेल! आपल्याकडं धातूच्या प्रत्येक पुतळ्याला पंचधातू म्हणायची रीत आहे. चौकातले मोठे पुतळे साधारण ब्राँझचे असतात. तांबं मुख्य, त्यात कथील, थोडं जस्त, थोडं शिसं. एका वेळी एकसंध ओतत नाहीत. तुकडे वेगवेगळे ओततात, आतून पोकळ ठेवतात आणि वेल्डिंग करून जोडतात. सांधा घासून, त्यावर रसायनानं रंग चढवून लपवतात. काम चांगलं असेल तर सांधा शोधूनही सापडत नाही. तो सापडत नाही तेव्हाच माझ्यासारख्याला आनंद होतो. हे दोन वाक्यांत सांगितलं असतं तरी मंडळी पुतळ्याजवळ जाऊन बघायला लागली असती.

त्यानं सांगितली ती वेगळीच गोष्ट. घोड्याचे दोन्ही पाय वर असले तर स्वार लढाईत मेला, एक पाय वर असला तर जखमांनी मेला, चारी पाय जमिनीवर असले तर अंथरुणात मेला. तुम्हीही हे मोबाईलवर वाचलं असणार. मी हात वर केला. आमच्या कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे दोन्ही हवेत. ताराराणी लढल्या तर आयुष्यभर, पण गेल्या सातारला, म्हातारपणी, १७६१ मध्ये. मग त्या घोड्याचे पाय खाली घ्यायचे का? घोड्याचे पाय शिल्पकार ठरवतो आणि त्याच्या मागं उभा असतो वजनाचा हिशेब. दोन पायांवर तो सगळा भार पेलायचा म्हणजे आतला लोखंडी सांगाडा कुठून कुठं न्यायचा, चौथऱ्यात किती खोल गाडायचा, वारा लागला तर काय, हे आधी सोडवावं लागतं. पोरगा हसला, “चांगली माहिती दिली काका,” म्हणाला आणि पुढं निघाला.

झिरो माइलला मात्र त्याची पंचाईत झाली. तिथं वालुकाश्माचा खांब आहे आणि चार घोडे आहेत, पाय उचललेले. आमच्यातली एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, “दादा, इथं तर घोड्यांवर कोणीच नाही. मग कोण मेलं?” साडेतीनशेपैकी शंभर रुपये तिथंच वसूल झाले.

झिरो माइलवर जरा थांबतो, कारण नागपूरला येणारा प्रत्येक जण तिथं फोटो काढतो आणि घोड्यांचाच काढतो. घोडे दगडाचेही नाहीत आणि धातूचेही नाहीत. गिलाव्यात घडवलेले आहेत आणि वर्षानुवर्षं रंग चढवून त्यांच्या कडा बोथट झाल्यात. खरी चीज आहे तो खांब आणि त्याच्या बैठकीवरचे आकडे. देशाची मोजणी चालली होती, त्या कामातला हा १९०७ चा दगड. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. दशांश चिन्हानंतर तीन आकडे बघा! आमच्याकडं मशीन शॉपवाले अशा मापांवरून भांडायचे, इथं अख्ख्या मुलखाची उंची त्या हिशेबानं घेतलीय. बाजूंवर गावांची अंतरं मैलांत आहेत : हैदराबाद ३१८, जबलपूर १७०. गाइड म्हणाला, हा भारताचा बरोब्बर मध्यबिंदू. सगळे नागपूरकर हेच म्हणतात आणि पाहुण्यानं त्यांच्याशी वाद घालू नये. पण १९०७ चा हिंदुस्थान म्हणजे आजचा पाकिस्तान, बांगलादेश आणि ब्रह्मदेश धरून. तेव्हाचा मध्य आणि आताचा मध्य एकाच खांबावर कसा यायचा, एवढंच जावयाला विचारलं. तो दोन मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

आणि ज्या गोष्टीचा मला खरोखर राग आला ती अशी. झिरो माइलच्या अगदी शेजारी गोवारी शहीद स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला गोवारी समाजाचा मोर्चा आला होता. लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि पोरं जास्त. या स्मारकाला आमच्या फेरीनं अर्धं मिनिट दिलं, तेही चालता चालता. “हे पण एक स्मारक आहे.” मी तिथं मागं राहिलो. एक बाई पायरीवर बसून डब्यातली भाकरी खात होत्या. त्यांनी सरकून मला जागा दिली. तिथून उठून मी गटाला गाठलं तोवर संविधान चौकातलं सांगून संपलं होतं आणि सगळे पोह्यांच्या रांगेत उभे होते. पोहे उत्तम होते, तर्री झणझणीत. कोल्हापूरकर म्हणून सांगतो, म्हणजे समजून घ्या.

सोमवारी पोरगी ऑफिसला गेली आणि मी एकटाच निघालो. सुभाष नगरला मेट्रोत बसलो. सीताबर्डीला गाडी बदलायची, एकाच ठिकाणी वरखाली. पुतळे बघायला मेट्रो झकास आहे, एका साध्या कारणासाठी : आपण उंचावर असतो. चौकातला पुतळा खालून बघायचा म्हणूनच घडवलेला असतो. डोकं जरा मोठं ठेवतात, नाहीतर खालून लहान दिसतं. वरच्या पातळीवरून गेलात की ही चलाखी पकडता येते. कस्तुरचंद पार्कचं स्टेशन तर जुन्या वास्तूच्या धाटणीचंच बांधलंय, उतरून बघण्यासारखं आहे. खिडकीकडची बाजू मात्र आधीच ठरवून बसा. मी दोनदा चुकीच्या बाजूला बसलो आणि दोनदा परत फिरलो. तिकीट स्वस्त, गाडी गार, कुणी हुसकत नाही.

दीक्षाभूमीला ऑटो केला. रविवारच्या फेरीत ती नव्हतीच, आणि ती वगळून नागपुरात काय बघायचं हे मला समजलेलं नाही. वास्तुविशारद शिवदान मल. घुमटाची उंची १२० फूट, धोलपूरचा दगड वापरलेला, १९७८ ला काम सुरू झालं आणि २००१ च्या डिसेंबरात लोकांसाठी खुलं झालं. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा पोकळ आहे. आत शिरल्यावर आपोआप आवाज खाली येतो. मी तासभर बसलो. याबद्दल जास्त लिहीत नाही, जाऊन बसा.

ऑटोवाला मात्र भेटला तो भारी. मी एका चौकात वाघाजवळ ऑटो थांबवायला लावला. मार्च २०२३ मध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची, बैठक झाली तेव्हा शहर रंगवलं, सजवलं, तेव्हापासून असे वाघ नि भिंतीवरची चित्रं बरीच दिसतात, असं तो सांगत होता. मी उतरून वाघाच्या पोटावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. ब्राँझ असेल तर घंटेसारखा थोडा नाद येतो. हा ‘ठप’ बोलला. फायबर. उन्हानं वरचा थर तडकलेला, शेपटीजवळ आतली जाळी दिसत होती. नागपूरचं ऊन, त्याला बिचारं फायबर काय पुरणार. ऑटोवाला आरशातून बघत होता. “काकाजी, तुम्ही काय पाहून राहिले? वाघ जिता आहे का?” त्यानंतर तो स्वतःच ऑटो थांबवायचा. “हे वाजवून पाहा काकाजी.” तीन तास फिरवलं आणि ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

संध्याकाळी मेट्रोनं चितार ओळी चौक. स्टेशनलाच हे नाव दिलंय, हे मला फार आवडलं. मूर्तिकारांची ही जुनी ओळ, महाल नावाच्या जुन्या वस्तीत. पोळा आणि गणपती दोन्ही तोंडावर, त्यामुळं रस्त्यावरच गणपती सुकत होते. काही नुसते धड, काहींना सोंड नाही. मी जिथं थांबलो तो मूर्तिकार माझ्याच वयाचा. बांबूचा सांगाडा, त्यावर तणस सुतळीनं आवळून बांधलेलं, वर माती. सुकताना मांडीला भेग गेली होती. त्यानं जुन्या सुती साडीची चिंधी पातळ मातीत बुडवली, भेगेवर बसवली आणि अंगठ्यानं कडेनं दाबत गेला. तीन-चार वेळा अंगठा फिरला आणि भेग गेली. कुठं होती तेसुद्धा सांगता येईना. आम्ही वेल्डिंग करून, घासून, रंग चढवून जे करतो ते या माणसानं चिंधीत केलं.

आमच्या मोल्डिंगच्या वाळूतही मातीच असते, बेंटोनाइट घालतो आम्ही. मूठ आवळायची आणि उघडायची. बोटांचे ठसे राहिले आणि ढेकूळ मोडलं नाही तर वाळू बरोबर. त्याची माती मी मुठीत घेऊन आवळली. तो बघत होता. “धंद्यातले दिसता जी,” म्हणाला आणि मला बसायला डबा उलटा करून दिला.

मारबतीची गोष्ट त्यानंच सांगितली. मारबत म्हणजे बाईच्या रूपातला मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवतात, सोबत बडगे, म्हणजे पुरुषाच्या रूपातले पुतळे. त्या वर्षी लोकांचा ज्याच्यावर राग असेल त्याचा बडगा करतात. बांबू, कागद, कापड, एवढ्यावर माणसापेक्षा उंच बाया उभ्या करतात. ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत रोगराई, महागाई, सगळं तिच्यावर घालून गावाबाहेर नेऊन जाळतात. रविवारच्या गाइडनं मारबतीचा ‘म’ काढला नव्हता. का, तर ती चौकात कायमची उभी नसते म्हणून? ज्या गावात सव्वाशेहून जास्त वर्षं लोक दरवर्षी नवा पुतळा करतात आणि रस्त्यावर आणतात, तिथं पुतळ्यांची फेरी काढताना ती सुटतेच कशी?

तर अभिप्राय असा. पैसे भरून केलेल्या फेरीला पाचपैकी अडीच. त्यात अर्धा पोह्यांचा. पोरांना एवढंच सुचवतो की दोन दिवस चितार ओळीत जाऊन बसा आणि प्रत्येक पुतळ्याच्या शिल्पकाराचं नाव शोधून काढा. मी दोन दिवसांत जेवढ्या कोनशिला वाचल्या त्यांतल्या बहुतेकांवर अनावरण कुणी केलं ते ठळक होतं, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, तेही होतं. घडवणारा कोण ते शोधता शोधता माझा चष्मा घामानं ओला झाला. मेट्रो अधिक ऑटो अधिक पायी, याला साडेचार. अर्धा चुकीच्या बाजूला बसलो म्हणून, आणि तो दोष माझा. चितार ओळीला तारे द्यायचे नसतात. संध्याकाळी पाचनंतर जा, मधे उभं राहून फोटो काढत वाट अडवू नका, आणि विकत काही घेणार नसाल तर निदान चहा सांगा.

मूर्तिकाराला निघताना मी विचारलंच, तुम्ही मूर्तीवर नाव घालता का? तो गणपतीच्या पाठीमागं गेला, ओल्या मातीत बोटानं काहीतरी केलं आणि मला बोलावलं. पाटाच्या मागच्या कडेला, भिंतीकडं जाणाऱ्या बाजूला, अंगठ्याचा एक ठसा होता.

“रंग लागला का दिसत नाही जी,” म्हणाला. “पण असते.”