रिचमंडची म्हणून घेतलेली बंदूक

व्हर्जिनियात राहायला आल्यापासून मला अमेरिकन यादवी युद्धातल्या ठासणीच्या बंदुकांचा नाद लागला. गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेबद्दल मला प्रेम नाही, पण तिच्या कारखान्यांचा इतिहास मला खिळवून ठेवतो. एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनियाच्या फौजेने हार्पर्स फेरीचा बंदुकांचा सरकारी कारखाना घेतला आणि तिथली यंत्रं दक्षिणेसाठी बंदुका बनवायला रिचमंडला हलवली. साचे जुन्या नमुन्याचे, म्हणून रिचमंडच्या लॉकप्लेटला, म्हणजे बंदुकीचा चाप-घोड्याचा यंत्रभाग (लॉक) ज्यावर बसवलेला असतो त्या बाजूच्या लोखंडी पट्टीला, वरच्या कडेवर उंचवटा असतो. तो मला ओळखता येत होता आणि नेमका त्याच भरवशावर मी फसलो.

एका प्रदर्शनात विक्रेत्याने मला उंचवट्याची लॉकप्लेट दाखवली. वर ‘सी.एस.’ (कॉन्फेडरेट स्टेट्स, म्हणजे दक्षिणेची राज्यं), ‘रिचमंड’ आणि १८६४ साल. दस्त्यामागची पट्टी पितळी, असायला हवी तशीच. सोबत नोटरी केलेलं पत्र, की पत्र लिहिणाऱ्याचे पणजोबा ही बंदूक घेऊन गेटिसबर्गला लढले. साडेसात हजार डॉलर मोजले. रात्री घरी पत्र पुन्हा वाचलं आणि पोटात खड्डा पडला. गेटिसबर्गची लढाई जुलै १८६३ ची. तेव्हा ही बंदूक बनलेलीच नव्हती!

पुढच्या आठवड्यात एका जुन्या संग्राहकांकडे गेलो. त्यांनी डावीकडचे दोन स्क्रू काढून लॉकप्लेट माझ्या हातात ठेवली. आतला पृष्ठभाग रवाळ होता, ओतीव लोखंडाचा असतो तसा. अस्सल प्लेटवर तिथे यंत्राने कापल्याच्या रेघा दिसतात. अक्षरांच्या कडाही बोथट होत्या, कारण ती ठोकलेली नव्हती, साच्यातूनच आली होती. मग त्यांनी नळीचं बूड दाखवलं. बार उडवणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीतला मसाला लोखंड खातो, त्यामुळे तिथे खड्डेच खड्डे होते. पण लगतची प्लेट मात्र गुळगुळीत. पितळी पट्टीखाली स्क्रूची जुनी भोकं लाकडाने बुजवलेली. दस्त्याची डावी बाजू किंचित खोलगट लागली. उत्तरेच्या सरकारी तपासनिसाचा शिक्का तिथून घासून काढला होता.

म्हणजे मूळची ती १८६१ च्या नमुन्याची अस्सल स्प्रिंगफील्ड, उत्तरेच्या फौजेची बंदूक. तिला आजची नकली प्लेट बसवून तिचा जीव घेतला. पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं.

विक्रेत्याने हात वर केले. पावतीवर फक्त ‘जुनी बंदूक, आहे त्या स्थितीत’ एवढंच होतं. वकिलांनीही त्यावरच बोट ठेवलं.

तुम्ही घेणार असाल तर पैसे देण्याआधी समोर लॉक उघडायला लावा. नाही म्हणाला तर सरळ निघा. कारखाना, साल, कोणते भाग मूळचे आणि परत घेण्याची मुदत हे सगळं पावतीवर सहीनिशी लिहून घ्या. घराण्याच्या पत्राला एक डॉलरही जास्त देऊ नका.

ती प्लेट मी काढून वेगळी ठेवली आहे. माझ्यामागे कुणी ती पुन्हा बसवून विकू नये, म्हणून आतल्या बाजूला ‘नकली’ असं कोरून घेतलं आणि लेकीलाही ते दाखवून ठेवलं.